फोर्टिफायर सुरू आहे, तरी बाळ वजन धरत नाही

एका जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २९ आठवड्यांच्या गर्भारपणानंतर मुदतपूर्व जन्मलेले, जन्मवेळी १०६० ग्रॅम वजनाचे बाळ आज २६ दिवसांचे आहे. श्वासाचा आधार निघाला आहे, सलाईन बंद होऊन दहा दिवस झाले आहेत आणि नळीतून दर दोन तासांनी दिलेले १७ मिलि दूध पोटात व्यवस्थित टिकते. यातले सुमारे दोन तृतीयांश दूध आईचे आणि उरलेले दूधपेढीतले असते. २५ मिलि दुधात फोर्टिफायरचे, म्हणजे दुधातली प्रथिने, क्षार आणि ऊर्जा वाढवणाऱ्या भुकटीचे, एक पाकीट या प्रमाणात मिश्रण केले जाते. तरीही मागच्या सात दिवसांत वजन ११६५ ग्रॅमवरून १२४० ग्रॅमपर्यंतच पोहोचले. रक्ततपासणीत ‘युरिया १७’ आला. तो १६ या वरच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, म्हणजे प्रथिने जास्त होत असावीत, असे समजून फोर्टिफायर कमी करावे, की दुधाचे पृथक्करण करणारे यंत्र असलेल्या मोठ्या केंद्रात बाळाला पाठवावे, असे त्यांनी विचारले आहे.

प्रथम तातडीचे सांगतो. फोर्टिफायर कमी करू नका. आपण पाठवलेल्या रिपोर्टच्या छायाचित्रात ‘ब्लड युरिया’ असे स्पष्ट छापलेले आहे, आणि आपण ज्या मर्यादेशी तो आकडा ताडून पाहिला ती मर्यादा ‘ब्लड युरिया नायट्रोजन’ म्हणजे बीयूएनची आहे. या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. युरियाच्या रेणूमध्ये नायट्रोजनचे वजन निम्म्याहूनही थोडे कमी भरते, म्हणून बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो आणि युरियाला २.१४ ने भागले की बीयूएन मिळतो. आपल्या बाळाचा युरिया १७ आहे, म्हणजे बीयूएन साधारण ८ आहे. परदेशी लेखांतून आणि पाठ्यपुस्तकांतून बहुतेकदा बीयूएन वापरलेला असतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा युरिया कळवतात. या गफलतीमुळे प्रथिनांची गरज असलेल्या बाळाचे फोर्टिफायर कमी केले गेल्याचे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे, आणि त्यात कोणाचा निष्काळजीपणा नव्हता. म्हणून आपल्या कक्षाच्या भिंतीवर एक कागद लावून ठेवावा अशी माझी विनंती आहे: बीयूएन १० ते १६ म्हणजे युरिया साधारण २१ ते ३४.

आता वजनवाढीचा हिशेब पाहू. सात दिवसांत ७५ ग्रॅम वाढले. त्या आठवड्यातले सरासरी वजन साधारण १२०० ग्रॅम धरले, तर वाढ दर किलोमागे दर दिवशी ९ ग्रॅमच्या आत येते. या वयात आपली अपेक्षा १५ ते २० ग्रॅमची असते. लांबी आठवड्याला सुमारे एक सेंटिमीटर आणि डोक्याचा घेर अर्धा ते एक सेंटिमीटर वाढायला हवा. आपण घेर ०.४ सेंटिमीटर वाढल्याचे लिहिले आहे आणि लांबीचा उल्लेख नाही. लांबी मोजत नसाल तर आजपासून मोजायला लागा, कारण एकट्या वजनावरून काढलेला निष्कर्ष फसवा असू शकतो: अंगावर पाणी धरलेले बाळही वजन वाढवते. मोजमाप टेपने न करता लाकडी किंवा अॅक्रिलिकच्या लांबीफळीवर, दोघांनी मिळून, आठवड्यातून एकदा त्याच वारी करावे. वजन रोज घेतले तरी निर्णय आठवड्याच्या वाढीवरच घ्यावा. एका रात्रीत १५ ग्रॅमने घसरलेले वजन बहुतेकदा शी-शूच्या वेळेचा प्रश्न असतो.

दुधाचे मिश्रण बदलण्याआधी मी जे नेहमी करतो, ते आपणही करावे असे मला मनापासून वाटते. केसपेपरवर लिहिलेले दूध आणि बाळाच्या पोटात पोहोचलेले दूध एकच आहे का, हे स्वतः उभे राहून पाहा. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात मला असेच एक बाळ दाखवण्यासाठी बोलावले होते. सगळ्या तपासण्या नीट होत्या. मी रात्रपाळीला थांबलो. अकराच्या फीडला सिस्टरने पाकीट फोडले आणि एका स्वच्छ कागदावर भुकटी ओतली. फीड १६ मिलिचे होते आणि पाकीट २५ मिलिसाठी होते, म्हणून तिने पाकिटाच्या कडेने त्या ढिगाचे अंदाजाने ‘पाऊण’ आणि ‘पाव’ असे दोन भाग केले. तिचा हात स्थिर होता आणि कामात कसलीही हयगय नव्हती. आम्ही ते भाग लहान डिजिटल काट्यावर तोलून पाहिले, तेव्हा लागोपाठच्या तीन फीडमध्ये तीन वेगळी वजने आली, आणि त्यातले एक अर्ध्या पाकिटापेक्षाही कमी होते. पुढे तिने सिरिंजमध्ये दूध ओढले, ते तासभर पंपावर आडवे ठेवून हळूहळू सोडले गेले, आणि शेवटी सिरिंजच्या वरच्या बाजूला व नळीच्या आतल्या भिंतीवर पिवळसर सायीचा थर चिकटून राहिला. त्या थरातच बाळाच्या उष्मांकांचा मोठा वाटा होता. स्निग्धांश हलका असल्याने वर तरंगतो, आणि आडव्या सिरिंजमधून व लांब नळीतून हळू सोडलेल्या दुधात तोच सर्वात जास्त वाया जातो.

म्हणून पहिली सुधारणा मिश्रणाच्या पद्धतीत करा. आपल्या बाळाला मी खाली सुचवतो त्याप्रमाणे फीड साडेअठरा मिलिचे झाले, तर चार फीडचे ७४ मिलि होतात. म्हणजे ७५ मिलि दुधात तीन पूर्ण पाकिटे मिसळली की एका पाळीचे, आठ तासांचे दूध तयार होते आणि पाकीट फोडून वाटण्याचा प्रश्नच उरत नाही. मिश्रण फीडरूममध्ये, हात धुऊन, निर्जंतुक भांड्यात करावे, कारण भुकटी निर्जंतुक नसते. तयार दूध फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवावे आणि प्रत्येक फीडचा भाग काढण्यापूर्वी भांडे हलकेच फिरवून साय पुन्हा मिसळून घ्यावी. खूप आधीपासून मिसळून ठेवू नये. आईच्या दुधातल्या अमायलेज या पाचक विकरामुळे फोर्टिफायरमधील पिष्टमय घटकांचे लहान तुकडे होत जातात आणि ऑस्मोलॅलिटी (दुधात विरघळलेल्या कणांचे प्रमाण) वाढत राहते. मूळ दूध ३०० च्या आसपास असते आणि फोर्टिफायरसकट ते ४५० च्या आत ठेवायचे असते. शक्य तिथे फीड पंपाऐवजी उभ्या सिरिंजमधून गुरुत्वाकर्षणाने सोडावे. पंप लागलाच तर सिरिंजचे तोंड वरच्या दिशेने येईल असा तो तिरका ठेवावा, म्हणजे वर तरंगणारी साय आधी आत जाते.

याच सोबत वजन न वाढण्याची इतर कारणे एकदा नजरेखालून घाला. बाळ गार पडत असेल तर दुधातली ऊर्जा अंग तापवण्यात जाते, म्हणून टोपी, मोजे आणि जास्तीत जास्त तास कांगारू मदर केअर (केएमसी, बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे) हा वजनवाढीच्या उपचाराचाच भाग समजावा. हिमोग्लोबिन, लघवीतील संसर्ग, श्वासाचे श्रम आणि अॅसिडोसिस (रक्तातली आम्लता वाढणे) हे पाहावेच. एक गोष्ट मात्र वारंवार निसटते, ती म्हणजे सोडियम. या बाळांचे मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू शकत नाही आणि आईच्या दुधातील सोडियम पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने कमी होते. सीरम सोडियम १३० च्या खाली असलेल्या बाळाला आपण कितीही प्रथिने दिली तरी ते वाढत नाही. सोडियम भरून काढले की त्याच दुधावर चार दिवसांत आलेख वळलेला मी पाहिला आहे. आपण पाठवलेल्या रिपोर्टमध्ये सोडियम १३६ आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) उतरलेले आहे आणि हिमोग्लोबिन ११ च्या वर आहे. त्यामुळे आपल्या बाळापुरता हा रस्ता बंद झाला असे धरून पुढे जाऊ.

आता दुधाचा हिशेब मांडू. सध्या रोज १७ मिलिच्या १२ फीड म्हणजे २०४ मिलि, म्हणजे दर किलोला साधारण १६५ मिलि. मुदतपूर्व प्रसूत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रथिने भरपूर असतात, पण आठवड्यागणिक ती उतरतात. चौथ्या आठवड्यात १०० मिलिमागे सुमारे १.२ ग्रॅम धरणे योग्य होईल. दूधपेढीतले दूध बहुधा पूर्ण दिवसांच्या, काही महिन्यांच्या बाळांच्या मातांनी दिलेले असते, त्यात ०.९ ग्रॅम किंवा त्याहूनही कमी प्रथिने असतात. आपल्या दोन-एक प्रमाणात ही सरासरी १.१ ग्रॅम येते. आपल्या पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे फोर्टिफायर १०० मिलिमागे फक्त ०.४ ग्रॅम प्रथिने वाढवते. एकूण १.५ ग्रॅम. १६५ मिलिने गुणले की दर किलोला जेमतेम २.५ ग्रॅम प्रथिने पोहोचतात. युरोपीय बालपोषण संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीत ही गरज ३.५ ते ४ ग्रॅम, आणि वाढ खुंटलेल्या बाळासाठी ४.५ पर्यंत सांगितली आहे. ऊर्जेच्या बाबतीत मात्र कमतरता नाही: साधारण ८० किलोकॅलरी प्रति १०० मिलि धरली तर बाळाला दर किलोला १३० च्या आसपास मिळते आणि शिफारस ११५ ते १४० ची आहे. म्हणजे या बाळाला खायला आहे, पण बांधायला सामान नाही. या परिस्थितीत नारळाचे तेल, एमसीटी (सहज पचणारे तेल) किंवा साखर घालून उष्मांक वाढवण्याचा मोह टाळावा. प्रथिनांशिवाय वाढवलेली ऊर्जा चरबीत साठते, लांबी आणि डोके मागेच राहतात. दर १०० किलोकॅलरीमागे २.८ ते ३.६ ग्रॅम प्रथिने हे गुणोत्तर डोळ्यांसमोर ठेवावे. आपल्या बाळाचे ते आज १.९ आहे.

हा हिशेब मी मुद्दाम इतका विस्ताराने लिहिला, कारण ‘फोर्टिफायर सुरू आहे’ या तीन शब्दांच्या नोंदीत फार मोठा फरक लपलेला असतो. बाजारातल्या एका भुकटीने १०० मिलिमागे ०.४ ग्रॅमच्या आतबाहेर प्रथिने वाढतात, तर दुसऱ्या भुकटीने एक ग्रॅम किंवा त्याहून जास्त वाढतात, आणि पाकिटे दिसायला सारखीच असतात. रुग्णालयाच्या खरेदीत किंमत कमी म्हणून ब्रँड बदलला, तर डॉक्टरांना ते कळतच नाही. प्रत्येक नव्या खोक्याबरोबर तक्ता वाचून प्रथिने, कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व हे चार आकडे फीडरूमच्या फळ्यावर लिहून ठेवावेत.

आपल्या बाळासाठी मी दोन पावले सुचवतो. पहिले पाऊल दुधाचे प्रमाण दर किलोला १८० मिलिपर्यंत दोन दिवसांत वाढवण्याचे. म्हणजे फीड १७ वरून साडेअठरा मिलि. डक्टस (हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायला हवी अशी रक्तवाहिनी) उघडी नसेल आणि फुप्फुसे पाणी सोसत असतील, तर दीड मिलिच्या या वाढीने पोट बिघडत नाही. दुसरे पाऊल १०० मिलिमागे एक ग्रॅमच्या आसपास प्रथिने वाढवणारे फोर्टिफायर मिळवण्याचे. त्या दोन्हीनंतर १०० मिलित २.१ ग्रॅम आणि दर किलोला सुमारे ३.८ ग्रॅम प्रथिने होतात. असे फोर्टिफायर आपल्या भागात मिळत नसेल, तर मुदतपूर्व बाळांसाठीच्या फॉर्म्युल्याची भुकटी आईच्या दुधात मिसळणे हा विचार करण्यासारखा पर्याय आहे. नवी दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिश्रणावर बाळांची वजनवाढ फोर्टिफायरपेक्षा कमी भरली नाही. मात्र तोलून, लिखित प्रमाणानेच मिसळावी आणि कॅल्शियम-फॉस्फरस कमी पडतात का हे पाहत राहावे. प्रौढांसाठीची किंवा मोठ्या मुलांसाठीची प्रथिनांची भुकटी मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी नवजात बाळाच्या दुधात घालू नये.

फोर्टिफायर बदलल्यानंतर पहिले एक-दोन दिवस पोटाचा घेर, उलट्या आणि शीचा रंग यांवर लक्ष ठेवावे. फक्त नळीतून हिरवट न दिसणारे थोडे दूध परत आले म्हणून फोर्टिफायर थांबवण्याची घाई करू नये. पोट फुगून ताठ झाले, हिरवे किंवा रक्तमिश्रित काही आले, बाळ मलूल झाले, तर मात्र फीड थांबवून नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिसच्या (आतड्याच्या गंभीर आजाराच्या) दृष्टीने लगेच तपासावे.

यानंतरचे काम म्हणजे बाळाप्रमाणे मात्रा जुळवत राहणे. त्याची सर्वात सोपी पद्धत अर्सलानोग्लू, मोरो आणि झीगलर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येक बाळाला ठरावीक मात्रेवर सुरू करायचे, आठवड्यातून दोनदा बीयूएन पाहायचा, तो खालच्या मर्यादेखाली असेल तर मात्रा एक पायरी वाढवायची, वरच्या मर्यादेवर गेला तर एक पायरी उतरवायची. त्यांनी ९ ते १४ ही मर्यादा वापरली होती, पुढे अनेक केंद्रांनी १० ते १६ स्वीकारली. त्या अभ्यासात ठरावीक मात्रेवरच्या बाळांची वजनवाढ दर किलोला रोज १४.४ ग्रॅम होती आणि जुळवलेल्या मात्रेवरच्या बाळांची १७.५. डोक्याचा घेरही जास्त वाढला. आपल्याकडे पहिली पायरी म्हणजे २५ मिलिऐवजी २० मिलि दुधात एक पाकीट, म्हणजेच १०० मिलित चारऐवजी पाच. त्याच्या पुढे जाताना भुकटी आणखी वाढवण्यापेक्षा केवळ प्रथिनांची, नवजात बाळांसाठीची भुकटी १०० मिलिमागे ०.४ ग्रॅम या हिशेबाने घालणे चांगले, कारण फोर्टिफायर वाढवत नेले की त्याबरोबर क्षार आणि ऑस्मोलॅलिटीही वाढते. आठवड्यातून दोनदा रक्त काढणे आपल्या बाळांना परवडणारे नाही असे मला वाटते. १२०० ग्रॅमच्या बाळात सगळे मिळून शंभर-सव्वाशे मिलि रक्त असते. म्हणून मी आठवड्यातून एकदा, इतर तपासण्यांच्या त्याच थेंबांत युरिया पाहतो आणि दर वेळी तो वजनवाढीच्या आकड्याशेजारी लिहितो. दोन्ही कमी असतील तर पायरी वाढवायची. वाढ चांगली आणि युरिया कमी असेल तर मी हात लावत नाही. वाढ कमी आणि युरिया जास्त असेल तर प्रथिने जळत आहेत असे समजून ऊर्जा, संसर्ग, स्टेरॉइड आणि मूत्रपिंड यांचा विचार करतो. पहिल्या दोन आठवड्यांत तर युरियावर विसंबूच नये, कारण तेव्हा तो प्रथिनांपेक्षा मूत्रपिंडाच्या अपरिपक्वतेचे आणि पाण्याच्या कमतरतेचे चित्र दाखवतो.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. दुधाचे पृथक्करण करणारी यंत्रे अवरक्त किरणांनी काही मिलि दुधातील प्रथिने, स्निग्धांश आणि शर्करा मोजतात आणि मग नेमके तितकेच कमी भरून काढता येते. कॅनडातल्या हॅमिल्टन येथील मॅकमास्टरच्या चमूने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुहेरी-अंध चाचणीत असे मोजून भरलेले दूध घेणारी बाळे दर किलोला रोज २१.२ ग्रॅमने वाढली आणि ठरावीक मात्रेवरची १९.३ ग्रॅमने. मला यातला दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो. यंत्राशिवायची बाळेही १९ ग्रॅमने वाढत होती, म्हणजे तिथे मात्रा पुरेशी होती, मिसळण्यात चूक होत नव्हती आणि दूध पोटात पोहोचत होते. आपल्याला आज ९ वरून १६ वर जायचे आहे, आणि त्या अंतराचा बहुतेक भाग यंत्राशिवाय कापता येतो. शिवाय यंत्र वापरायचे तर चोवीस तासांचे एकत्र केलेले दूध, ४० अंशांपर्यंत गरम करून, एकजीव करून तपासावे लागते. एका फीडचे दूध तपासले तर फसगत ठरलेली, कारण सुरुवातीच्या आणि शेवटच्या दुधातला स्निग्धांश कितीतरी वेगळा असतो. यंत्र प्रमाणित केलेले नसेल तर ते दिलासा देणारे चुकीचे आकडे देते. त्यामुळे केवळ एवढ्यासाठी आई-बाळाची ताटातूट करून, रुग्णवाहिकेतल्या प्रवासाचा धोका पत्करून बाळ हलवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वर सुचवलेले बदल करून दोन आठवडे पूर्ण होऊनही वाढ १२ ग्रॅमच्या पुढे जात नसेल, तर त्या केंद्राशी बोलावे.

पुराव्याची मर्यादाही सांगायला हवी. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कोक्रेन आढाव्यात वैयक्तिक मात्रेमुळे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर यांची वाढ सुधारल्याचे दिसले, पण पुरावा मध्यम ते कमी खात्रीचा ठरवला गेला आणि पुढच्या वयातल्या बौद्धिक विकासावरचा परिणाम सिद्ध झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रत्येक कमी वजनाच्या बाळाला सरसकट फोर्टिफायर देण्याची शिफारस केलेली नाही. ३२ आठवड्यांपेक्षा कमी दिवसांच्या किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांत त्याचा विचार करावा असे म्हटले आहे. आपले बाळ या दोन्ही निकषांत बसते. शेजारच्या खाटेवरचे ३५ आठवड्यांचे, १९०० ग्रॅमचे, अंगावर पिणारे बाळ बसत नाही, आणि त्याला केवळ पाकिटे शिल्लक आहेत म्हणून ती सुरू करू नयेत.

दूधपेढीच्या दुधाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण महाराष्ट्राला त्याचा वारसा आहे. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली, आणि त्या दुधाने असंख्य लहान बाळांना वरच्या दुधापासून वाचवले आहे. पण ते दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवलेले असते. त्यात जंतू मरतात, तशी स्निग्धांश पचवायला मदत करणारी आईच्या दुधातली लायपेजही निकामी होते. गोठवणे, वितळवणे, एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे या प्रत्येक टप्प्यावर साय भांड्यांना चिकटते. म्हणून दात्या मातेच्या दुधावरचे बाळ त्याच मात्रेवर हळू वाढते, आणि ज्या दिवशी आईच्या दुधाचा वाटा कमी होतो त्या दिवशी मात्रा वाढवायला हवी. मानवी दुधापासूनच बनवलेल्या फोर्टिफायरबद्दल काही पालक विचारतात. त्याच्या किमतीचा प्रश्न आहेच, शिवाय मे २०२४ मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मानवी दूध आणि त्याच्या उत्पादनांच्या व्यापारी विक्रीला परवानगी नसल्याचे स्पष्ट केले आहे. त्यामुळे आपल्यासारख्या कक्षाने त्यावर नियोजन करू नये.

या बाळासाठी सर्वात मौल्यवान असलेली सुधारणा मात्र आईच्या बाजूला आहे. तिचे दूध दोन तृतीयांशच का पुरते आहे? तिला कक्षाशेजारी राहायला जागा आहे का, की ती सकाळी एसटीने येऊन संध्याकाळी परत जाते? रात्री ती दूध काढत नसेल तर काही दिवसांत दूध कमी होणारच. दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा, त्यातले एकदा रात्री दोन-तीनच्या सुमारास, आणि प्रत्येक वेळी शेवटच्या घट्ट दुधापर्यंत स्तन रिकामे करणे, हे तिला कोणीतरी शेजारी बसून शिकवायला हवे. केएमसी झाल्यावर लगेच काढलेले दूध जास्त येते, हे आपल्या सिस्टर्सना माहीत असतेच.

आणि तिच्याशी बोलताना शब्द जपून वापरा. ‘दुधात पावडर घालावी लागेल’ एवढेच ऐकले की दारात उभी असलेली आजी लगेच म्हणते, “हिचं दूध पातळच आहे, मी आधीच सांगत होते,” आणि त्या क्षणापासून त्या मुलीचे दूध आटायला लागते. मी आईला आणि आजीला एकत्र बसवून सांगतो, “ताई, दूध तुमचं उत्तम आहे, आणि या बाळाला दुसरं कुठलंही दूध इतकं सोसणार नाही. पण बाळ अकरा आठवडे आधी आलं. त्या अकरा आठवड्यांत वारेतून त्याला हाडांचं आणि मांसाचं जे सामान मिळायचं होतं, ते इतक्या छोट्या पोटात मावणाऱ्या दुधातून पुरत नाही, म्हणून तेवढं सामान आपण तुमच्याच दुधात मिसळतो. बाळ मोठं झालं की हे बंद.” ‘पातळ’ हा शब्द मी त्या खोलीत उच्चारतही नाही.

हाडांसाठी कॅल्शियम-फॉस्फरस तपासून घ्या. प्रथिने वाढवली की बाळ वाढू लागते आणि फॉस्फरसची मागणीही वाढते. फॉस्फरस ४ च्या खाली राहिला किंवा अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांवरचा ताण दाखवणारे विकर) ८०० च्या वर गेले, तर स्वतंत्र पुरवठा विचारात घ्यावा. ड जीवनसत्त्व देताना फोर्टिफायरमधले मोजून एकूण दिवसाला १००० युनिटच्या आत राहावे. लोह दर किलोला २ ते ३ मिलिग्रॅम सुरू नसेल, तर आता सुरू करावे.

वाढ नोंदवण्यासाठी आपण मुदतपूर्व बाळांच्या वाढीचा फेंटनचा आलेख वापरता, तो चालेल. इंटरग्रोथ-२१ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा मुदतपूर्व बाळांचा आलेखही वापरता येईल. त्या प्रकल्पाच्या जगभरातल्या आठ केंद्रांत नागपूर होते, ही आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट आहे. कोणताही एकच निवडा आणि घरी जाईपर्यंत बदलू नका.

गर्भारपणाचे आठवडे धरून आपले बाळ आता साधारण ३३ आठवड्यांचे होत आहे, तेव्हा लवकरच नळी काढून वाटी-चमचा किंवा बोंडले सुरू होईल. त्या टप्प्यावर वजन पुन्हा अडखळते, कारण गालावरून ओघळलेले दूध कोणी मोजत नाही. बाळाच्या हनुवटीखाली ठेवलेले लंगोटाचे कापड फीडआधी आणि फीडनंतर एकदा काट्यावर ठेवून पाहा, उत्तर तिथेच मिळेल. पुढे बाळ अंगावर ओढू लागले, १८०० ग्रॅमच्या पुढे गेले आणि आठवडाभर रोज २० ते ३० ग्रॅम वाढत राहिले, की फोर्टिफाय केलेल्या फीड एकेक करून कमी करत बंद कराव्यात. घरी पाकिटे देण्याची वेळ क्वचित येते. द्यावीच लागली तर दिवसाला दोन-तीन काढलेल्या फीडपुरती, आईने आपल्यासमोर दोनदा मिसळून दाखवल्यानंतर, आणि घरात उकळलेले भांडे व हात धुण्याची सोय आहे याची खात्री झाल्यावरच द्यावीत.

आज दूध वाढवा, नवे फोर्टिफायर मिळाल्या दिवसापासून मोजून पाचव्या दिवशी युरिया आणि सातव्या दिवशी वजन, लांबी, घेर असे तीनही आकडे मला कळवा. युरिया २१ च्या खालीच राहिला आणि वाढ १५ च्या आत असली, तर २० मिलिला एक पाकीट या पायरीवर जाऊ.